डावा घास, उजवा घास

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनाला आपण बाहेरच्या कोणी विदुषी व्याख्यानाला बोलावतो. यंदा असे ठरले की मंडळातल्याच तिघी-चौघींनी आपापल्या आवडीच्या विषयावर चार शब्द बोलावेत. माझे नाव पुढे आले तेव्हा मी मनातून घाबरले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. लोणच्याचा खार का बिघडतो यावर बोल म्हटले असते तर मी तासभर बोलले असते. पण मी विषय सांगितला तो भलताच. रानातले आणि समुद्रातले प्राणी डाव्या अंगाने खातात की उजव्या, हा तो विषय. तो ऐकून सभेत दोघी-तिघी हसल्या, आणि त्यात त्यांचे काही चुकले नाही. हा विषय मला कसा सुचला ते आधी सांगते, म्हणजे हसणे थांबेल.

अकरा वर्षांपूर्वी आमच्याकडे सत्यनारायणाची पूजा होती. पंगत बसली होती. माझी धाकटी तेव्हा चार वर्षांची. तिने शिऱ्याचा पहिला घास उचलला तो डाव्या हाताने. पंगतीतल्या एका वडीलधाऱ्या बाई सर्वांदेखत म्हणाल्या, "अगं, पोरीला वळण लाव. उद्या लोकांच्या घरी जायची आहे." मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या वेळी मी तिचा डावा हात रिबिनीने फ्रॉकच्या पट्ट्याला बांधू लागले. वर्षभरात ती उजव्या हाताने जेवायला शिकली. सगळ्यांनी माझे कौतुक केले. पण एक गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती, ती आज सांगते. ती पोर घास तोंडात घालण्याआधी माझ्या तोंडाकडे बघू लागली. आपण बरोबर करतो आहोत ना, हे पाहण्यासाठी. आणि पाहुणे असले म्हणजे ती दाराआड जाऊन जेवू लागली.

पुढे माझा भाचा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकू लागला. सुट्टीत तो आमच्याकडे आला होता. मुलीने चेंडू झेलला, पेला उचलला, दार लावले, ते सारे त्याने पाहिले आणि मला म्हणाला, "आत्या, ही मूळची डावखुरी आहे ना?" मी म्हटले, "होती. मी मोडली." तो हसला नाही. म्हणाला, "तुला समुद्रातल्या डावखुऱ्या-उजवखुऱ्यांची गंमत सांगू का?" त्या सुट्टीत त्याने मला जे सांगितले, वाचून दाखवले, आणि पुढे वाचनालयातून आणून मी जे स्वतः अडखळत वाचले, त्यातले थोडे आज आपल्यापुढे ठेवते. यातले मी डोळ्यांनी काही पाहिलेले नाही. पाहणारे लोक निराळे. मी फक्त ताटात वाढणारी.

सुरुवात ओळखीच्या पाखरापासून करू. पूर्वी घरोघर पिंजऱ्यात पोपट असे. आता 1972 च्या वन्यजीव कायद्यामुळे आपले देशी पोपट पाळायला मनाई आहे, आणि ते बरेच झाले. पण पोपट एका पायावर उभा राहून दुसऱ्या पायात मिरची धरून कशी खातो, हे आपल्यापैकी अनेकींनी लहानपणी पाहिले असेल. कोणता पाय, ते मात्र आपण कधी पाहिले नाही. ऑस्ट्रेलियात पिवळ्या तुऱ्याचे पांढरे काकाकुवे रानात थव्याने राहतात. तेथील संशोधकांनी 2011 साली पोपटांच्या अनेक जाती तपासल्या, तेव्हा दिसले की हे काकाकुवे जवळजवळ सगळे डावरे. काही दुसऱ्या जाती उजव्या पायाच्या, आणि काही जातींत दोन्ही तऱ्हेचे पक्षी. ज्या बाजूच्या डोळ्याने पक्षी वस्तू निरखतो, त्याच बाजूच्या पायाने ती उचलतो, असेही दिसून आले. मला सर्वांत आवडले ते पुढचे. काकाकुव्याची पिल्ले आधी दोन्ही पाय वापरून पाहतात. कधी या पायाने, कधी त्या पायाने. मग मोठी होता होता आपल्या एका पायावर स्थिर होतात. त्यांच्याकडे रिबीन बांधणारे कोणी नसते.

त्याच देशात कांगारू. ते मागच्या दोन पायांवर उभे राहतात, म्हणून पुढचे दोन हातांसारखे मोकळे. 2015 साली रशियातल्या संशोधकांनी रानातले कांगारू पाहून लिहून ठेवले की करडे आणि तांबडे, दोन्ही मोठे कांगारू खाताना आणि अंग साफ करताना बहुतेक डावा हात वापरतात. माणसांत दहांतले नऊ उजवे, तर यांचे बरेचसे उलटे! त्यांच्याच नात्यातला वॉलबी म्हणून लहान प्राणी आहे. त्याची एक जात नाजूक काम डाव्या हाताने करते आणि जोराचे उजव्या हाताने. म्हणजे फांदी वाकवून धरायची उजव्याने आणि पाने खुडून तोंडात घालायची डाव्याने. भगिनींनो, आपण नारळ फोडतो तेव्हा काय करतो? एका हाताने नारळ तोलून धरतो, दुसऱ्याने कोयता मारतो. दोन्ही हात कामात असतात, पण कामे वाटलेली असतात. आता हात बदलून पाहा बरे! नारळ राहील बाजूला, बोट फुटेल. कामाची वाटणी एकदा झाली म्हणजे काम चटकन आणि बिनचूक होते.

झाडावर राहणारेही कांगारू आहेत. ते चारी पायांवर चालतात. त्यांच्यात अशी डाव्या-उजव्याची ओढ त्या संशोधकांना आढळली नाही. दोन पायांवर उभे राहण्याचा आणि हाताला एक बाजू लागण्याचा काही संबंध असावा, असा त्यांचा तर्क आहे.

आता आपल्या जवळचे नातलग, म्हणजे चिंपांझी वानर. आफ्रिकेत टांझानिया देशात गोम्बे नावाचे जंगल आहे. तेथे जेन गुडाल या बाई 1960 साली गेल्या. कॉलेजची पदवी नसताना गेल्या, हे मी मुद्दाम सांगते. त्यांनी पाहिले की चिंपांझी गवताची काडी वारुळात घालतो, वाळवी तिला चिकटली की काडी हळूच बाहेर काढतो आणि ओठांनी वाळवी टिपतो. जनावर हत्यार वापरते, हे ऐकून तेव्हा सारे जग चकित झाले. पुढे 2005 साली तेथील चिंपांझींच्या हातांचा हिशेब प्रसिद्ध झाला. प्रत्येक चिंपांझीचा काडीचा हात बहुतेक ठरलेला, आणि त्यांत डावरे अधिक. उलट पश्चिम आफ्रिकेतले चिंपांझी दगडाने कठीण फळे फोडतात. त्यांची माहिती शेजारी ठेवून पाहिली, तेव्हा त्या कामात कल उजव्या हाताकडे दिसला. जात एक, पण काम वेगळे तसा हात वेगळा. आणि त्या काडीवाल्यांत जे थोडे उजवे होते, त्यांनाही वाळवी मिळतच होती.

येथवर हातापायांचे झाले. ज्यांना हातच नाहीत, त्यांचे काय? माझ्या भाच्याने मला पहिल्यांदा सांगितली ती हीच गंमत. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याने ये-जा करणारा करडा देवमासा समुद्राच्या तळाशी जातो, एका कुशीवर कलतो आणि तळाचा चिखल तोंडात ओढतो. त्याच्या तोंडात दातांच्या जागी झालरीसारखे पट्टे असतात. चिखलपाणी त्यांतून बाहेर जाते आणि बारीक किडे-कोळंबी आत राहतात. आपण तांदळाचे पाणी रोवळीतून निथळतो, अगदी तसे. हे देवमासे बहुतेक उजव्या कुशीवर कलतात. हे कशावरून कळले? तर त्यांच्या तोंडातली उजवीकडची झालर अधिक झिजलेली असते. शिवाय देवमाशाच्या कातडीला कवचाचे बारीक जीव चिकटून राहतात, ते उजव्या गालावर फार कमी असतात, कारण तळाला घासून निघून जातात. आमच्या सासूबाईंच्या पोळपाटाची एक कड झिजून खोलगट झाली होती. वर्षानुवर्षे त्यांचा हात कोठे जोर देत होता, हे ती कड सांगत असे. देवमाशाचा गाल तसाच बोलतो.

निळा देवमासा म्हणजे आजवर पृथ्वीवर झालेला सर्वांत मोठा प्राणी. कॅलिफोर्नियाजवळ त्यांच्या पाठीवर यंत्रे चिकटवून 2017 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसले की खोल पाण्यात खाताना ते बहुधा उजवीकडे कलतात. पण पाण्याच्या वरच्या थरात, जेथे खाद्याचे थवे लहान आणि विरळ, तेथे ते पूर्ण कोलांटी घेतात आणि ती डावीकडे. म्हणजे त्यांच्या उजव्या डोळ्याला खाद्य शेवटपर्यंत दिसत राहते. वाढप थोडे असले की आपणही पातेल्याकडे डोळे रोखून वाढतो ना!

आणि डॉल्फिन. बहामा बेटांजवळ डॉल्फिन वाळूच्या तळाजवळून पोहत खाली लपलेला मासा हुडकतात, आणि तो सापडला की एकदम गर्रकन वळून चोच वाळूत खुपसतात. तेथील संशोधकांनी अशी 709 वळणे मोजली आणि 2019 साली प्रसिद्ध केली. त्यातली 705 डावीकडे होती! डावीकडे वळले म्हणजे उजवी बाजू आणि उजवा डोळा वाळूकडे येतो. उरलेली 4 वळणे उजवीकडे होती, आणि ती चारही एकाच डॉल्फिनची. मला या एकट्या डॉल्फिनचे फार वाटले. त्याच्याभोवती सारे कळप एका बाजूला वळणारे आणि हा दुसऱ्या बाजूला. पण तोही आपला तसाच वळत होता आणि आपले पोट भरत होता. कोणी त्याला कळपातून काढले नव्हते.

उत्तरेकडच्या बर्फाच्या समुद्रात वॉलरस नावाचे लांब सुळ्यांचे प्राणी असतात. तळाच्या चिखलातल्या तिसऱ्यांसारख्या शिंपल्या हे त्यांचे अन्न. ग्रीनलंडजवळ पाणबुड्यांनी त्यांची चित्रे घेतली. 2003 साली त्यावरून लिहिले गेले की चिखल बाजूला सारायला वॉलरस बहुतेक उजवा पर वापरतात. मग संग्रहालयातले वॉलरसांचे सांगाडे मोजून पाहिले, तर उजव्या बाजूची खांद्याची आणि हाताची हाडे डाव्यापेक्षा किंचित लांब निघाली. म्हणजे ही बाजू नुसत्या सवयीची नव्हे, ती हाडापर्यंत पोचलेली.

आता कोणी विचारील, हे असे का? दोन्ही बाजू सारख्या का नाहीत? याचे उत्तर डोक्यात आहे. मेंदूचे दोन भाग असतात. डावा भाग शरीराची उजवी बाजू चालवतो आणि उजवा भाग डावी. दोन्ही भागांनी एकच काम करण्यापेक्षा कामे वाटून घेतली तर दोन कामे एकदम होतात. आपण चुलीपाशी उभ्या असतो तेव्हा एक डोळा दुधावर आणि एक पाळण्यावर असतो. बेडकांच्या काही जातींत हे शब्दशः खरे आहे. किडा उजवीकडून आला तर ते त्याच्यावर अधिक झडप घालतात, आणि शत्रू डावीकडून आला तर अधिक दचकतात.

याचा सर्वांत सुंदर दाखला मात्र कोंबडीच्या पिलाचा. रानातला नाही, पण रानकोंबड्याच्याच वंशातला, म्हणून सांगते. अंड्यात शेवटच्या दिवसांत पिलाची मान अशी वळलेली असते की उजवा डोळा कवचाकडे येतो आणि डावा अंगाखाली झाकलेला राहतो. कवचातून झिरपणारा उजेड एकट्या उजव्या डोळ्याला मिळतो. अशी पिले बाहेर आली की उजव्या डोळ्याने दाणा आणि खडा चटकन ओळखतात आणि डाव्याने आकाशातल्या घारीवर नजर ठेवतात. 2004 साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. काही अंडी उजेडात उबवली, काही पूर्ण अंधारात. मग पिलांपुढे दाणे आणि खडे मिसळून टाकले आणि वरून घारीची आकृती फिरवली. उजेडातली पिले दाणेही टिपत होती आणि घारीवरही लक्ष ठेवत होती. अंधारातल्या पिलांचा गोंधळ उडाला. दोन्ही बाजू सारख्या राहिलेल्या, म्हणून दोन्ही कामे अडली. भगिनींनो, याचा अर्थ मी असा घेतला की जिवाला एक बाजू पक्की असणे महत्त्वाचे. ती बाजू डावी की उजवी, याला मागून महत्त्व.

पण मग डावे कमी का होईना, राहतात तरी कसे? सगळेच उजवे का होऊन जात नाहीत? याचे एक उत्तर आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवरात आहे. तेथे एक मासा दुसऱ्या माशांचे खवले ओरबाडून खातो. तो मागून येतो, कुशीवर झडप घालतो आणि खवले तोडून पळतो. या माशाचे तोंड सरळ नसतेच. काहींचे उजवीकडे वाकडे, काहींचे डावीकडे. उजवीकडे वाकड्या तोंडाचा मासा सावजाच्या डाव्या कुशीवर चावतो आणि डावीकडे वाकड्या तोंडाचा उजव्या कुशीवर. जपानचे संशोधक मिचिओ होरी यांनी 11 वर्षे हे मासे मोजले आणि 1993 साली लिहिले. एका तऱ्हेचे मासे फार झाले की सावजे त्या कुशीला जपू लागतात. मग दुसऱ्या तऱ्हेच्या माशांना खायला अधिक मिळते आणि त्यांची संख्या वाढते. ते फार झाले की पुन्हा पारडे फिरते. असे वर खाली होत दोघे साधारण निम्मे-निम्मे राहतात. तेथे थोडे असणे हेच बळ आहे.

जपानच्याच दक्षिणेकडच्या बेटांवर गोगलगाई खाणारा एक साप आहे. गोगलगाईंचे शंख बहुतेक उजव्या वळणाचे, म्हणून या सापाच्या उजव्या जबड्यात डाव्यापेक्षा दात अधिक. उजव्या वळणाची गोगलगाय तो सहज ओढून काढतो. पण क्वचित कोठे डाव्या वळणाची गोगलगाय भेटली की त्याचे दात उपयोगी पडत नाहीत आणि ती पुष्कळदा वाचते. उलट्या वळणाने तिचा जीव वाचवला!

शेवटी हत्ती. त्याच्याशिवाय आपले व्याख्यान पुरे कसे होईल? हत्ती चारा उचलताना सोंड एका बाजूला वळवतो, आणि त्याची ती बाजू बहुधा ठरलेली असते. कोणी डाव्या सोंडेचा, कोणी उजव्या. सुळ्यांचेही तसेच. साली सोलायला आणि माती उकरायला ज्या सुळ्याचा उपयोग अधिक, तो झिजून आखूड होतो. आता भगिनींनो, जरा आपल्या देव्हाऱ्याकडे पाहू. भाद्रपदात आपण घरी गणपती आणतो तो कोणता पाहून आणतो? डाव्या सोंडेचा. उजव्या सोंडेच्या गणपतीचे सोवळे कडक, ते आपल्याला झेपणार नाही म्हणतो. पुष्कळ मूर्तींत मोदकही डाव्या हातात असतो आणि सोंड त्याच्याकडे वळलेली. डाव्या बाजूने मोदक खाणाऱ्या देवाला आपण घरात मखरात बसवतो, त्याची आरती करतो, आणि त्याच घरात डाव्या हाताने मोदक उचलणाऱ्या पोरीच्या हातावर चापट मारतो. हे माझ्या ध्यानात आले तेव्हा मी देवघरात बसले होते, आणि मला पुढे जप करवेना.

येथे मला एक शंका दिसते आहे, ती मीच मांडते. तुम्ही म्हणाल, "अहो, जनावरांना कोठली रीतभात? त्यांचे पाहून आपण वागायचे का?" शंका बरोबर आहे. जनावरे कच्चे खातात म्हणून आपण कच्चे खात नाही. आणि आपली रीत उगीच पडलेली नाही. आपल्या आजी-पणजीच्या काळी साबण नव्हता, पाणी दुरून आणावे लागे. अस्वच्छ कामाला एक हात आणि अन्नाला दुसरा, ही वाटणी शहाणपणाची होती. आमच्या सासूबाई याच शहाणपणाने सांगत, त्यांना मी दोष देत नाही. पण आज घरात नळ आहे, साबण आहे. जेवण्यापूर्वी दोन्ही हात स्वच्छ धुवावेत, ही रीत आपण मुलांना लावू. कोणत्या हाताने जेवावे ही मात्र रीत नव्हे, ती घडण आहे. पोलके बेतताना आपण अंगाप्रमाणे कापड कापतो, कापडाप्रमाणे अंग कापत नाही. मी ते केले.

आणखी एक खरे सांगितले पाहिजे. सगळ्या प्राण्यांत सगळेच एका बाजूचे नसतात. पुष्कळ जातींत प्रत्येक प्राण्याची आपली बाजू ठरलेली असते, पण कळपात काही असे, काही तसे. माणसांत मात्र उजवे फार, आणि दहांत सुमारे एक डावखुरा. म्हणूनच आपल्याकडे तो एकटा पडतो. आपले मंडळ शंभर जणींचे असेल तर आपल्यात दहा जणी तरी डावखुऱ्या जन्मलेल्या असतील. आज समोर पाहिले तर डाव्या हाताने जेवणारी एकही दिसत नाही. त्या कोठे गेल्या? त्या येथेच बसल्या आहेत. कोणी तरी त्यांचे हात बांधले, आणि बांधणारी बहुधा आईच होती.

भाचा परत गेल्यावर एके दिवशी मी मुलीला जवळ बसवले आणि म्हटले, "बाळ, तुला हव्या त्या हाताने जेव. मी काही म्हणणार नाही." तेव्हा ती तेरा वर्षांची झाली होती. तिने ताटातला डावा हात हलवून पाहिला, वरणभात कालवून पाहिला, मग हात काढून घेतला आणि म्हणाली, "आता मला उजव्यानेच जमतं, आई." एवढेच म्हणाली. रागाने म्हणाली असती तर मला बरे वाटले असते. चेंडू ती अजून डाव्या हाताने झेलते. रांगोळीचे ठिपके डाव्या हाताने घालते आणि ते एका ओळीत पडतात. फक्त घास तेवढा तिचा राहिला नाही.

माझ्या मुलीचे झाले ते झाले. पण येथे बसलेल्या तुमच्यापैकी कोणाच्या मांडीवर नातू आहे, कोणाच्या घरी सूनबाईचे बाळ रांगते आहे. ते पहिला घास कोणत्या हाताने उचलते ते कौतुकाने पाहा, जसे काकाकुव्याचे पिल्लू दोन्ही पायांनी करून पाहते तसे त्याला करू द्या. डाव्याने उचलला तर म्हणा, हा आमचा काकाकुवा. म्हणा, हा आमचा डाव्या सोंडेचा गणपती. वाटले तर सांगा की 705 वळणे एकीकडे घेणाऱ्या समुद्रात 4 वळणे दुसरीकडे घेणाराही डॉल्फिन होता.

आणि एक विनंती आजच्यासाठीच. सभा संपल्यावर मागच्या अंगणात आपल्या मंडळाचे भोजन आहे. मुलांची पंगत पहिली आहे. वाढायला मी आहे, माझी मुलगीही आहे. त्या पंगतीत एखाद्या मुलाने डावा हात पुढे केला, तर आपल्यापैकी कोणी काही बोलू नये, आणि त्याच्या आईकडेही बघू नये. कारण आपण बघितले की ती घाबरते, आणि घाबरली की ती घरी जाऊन रिबीन शोधते. मला हे माहीत आहे.

  पोरे भुकेली झाली आहेत.